एका किलोमीटरला किती? लाइट रेल, भुयारी रेल्वे आणि 'खर्च' नावाचा शब्द

 आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता रेल्वेच्या अंदाजपत्रकात नाक कशाला खुपसताय? पण आम्हाला तो विषय परका वाटत नाही. शहरात लाइट रेल बांधावी की भुयारी रेल्वे, यावरचे वाद आपण ऐकतो तेव्हा वरवर पाहता ते आकड्यांचे वाद असतात. थोडं खरवडलं की खाली एका शब्दावरचं भांडण सापडतं. तो शब्द म्हणजे 'स्वस्त'. स्वस्त म्हणजे कशाच्या मानाने, आणि कोणाला? हे दोन प्रश्न विचारले नाहीत, तर दोन्ही बाजू खरे आकडे सांगून एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

आधी घरचा हिशोब घेऊ. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला मंजूर खर्च होता ८,६८० कोटी रुपये, लांबी सुमारे ३८ किलोमीटर. भागाकार केला तर किलोमीटरला २२८ कोटी. मुंबईची मेट्रो ३, कुलाबा ते आरे, साडेतेहतीस किलोमीटर आणि जवळजवळ सगळी जमिनीखाली. तिचा मंजूर खर्च २३,१३६ कोटी, म्हणजे किलोमीटरला ६९० कोटी. मंजुरीच्या कागदावरच तिप्पट. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण मार्गावर धावू लागली, तोवर हा खर्च ३७ हजार कोटींच्या वर गेला होता, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींच्या आसपास.

आता यावरून 'मुंबईने पैसे उधळले' असा निष्कर्ष काढायला किती वेळ लागतो? एक मिनिटही नाही. आणि तो चूक आहे. किलोमीटर हे अंतराचं माप आहे, उपयोगाचं नाही. कुणी किलोमीटर विकत घेऊन घरी नेत नाही. लोकांना हवा असतो प्रवास. फोर्ट, गिरगाव, दादर या भागात जमिनीवर रूळ टाकायला जागा कुठे आहे? तिथे भुयाराची तुलना स्वस्त उन्नत मार्गाशी करणं म्हणजे बोटीच्या भाड्याची तुलना सायकलशी करणं.

नागपूर आणि मुंबई, दोन्ही मेट्रोच आहेत. लाइट रेल हा त्याहून वेगळा प्रकार. ट्रामची थोरली बहीण म्हणा. डबे लहान, एका वेळी एक ते तीन-चार जोडलेले. वळणं तीव्र असली तरी चालतात. रस्त्याच्या मधोमध धावू शकते, जुन्या मालगाडीच्या पट्ट्यावर धावू शकते, पुलावरून आणि वेळ पडली तर भुयारातूनही जाते. हिची सगळी स्वस्ताई या लवचीकपणात आहे. रुळांवर ती नाही, डब्यांवर तर नाहीच. भुयारात घातलेली लाइट रेल भुयारी रेल्वेइतकीच महाग पडू शकते, कारण पैसा खातं ते भुयार. भुयारातही सर्वांत जास्त खातात ती स्थानकं. खणणारं यंत्र एकदा जमिनीत शिरलं की एका लयीत पुढे जात राहतं, पण स्थानकासाठी वरून मोठा खड्डा घ्यावा लागतो, पाण्याच्या आणि गटाराच्या वाहिन्या हलवाव्या लागतात, रहदारी वळवावी लागते. सरकते जिने, उद्वाहनं, हवा खेळती ठेवण्याची आणि आगीच्या वेळी माणसं बाहेर काढण्याची सोय, हे सगळं प्रत्येक स्थानकात नव्याने. म्हणून भुयारी मार्गाचा खर्च डोळ्यांत भरू लागला की कारभाऱ्यांचा हात आधी स्थानकांवर पडतो. दोन स्थानकं गाळली की किलोमीटरचा भाव सुधारतो. मार्ग तेवढाच लांब, चढायच्या जागा मात्र कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केवळ भुयाराने किती फरक पडतो हे वेगळं काढून दाखवणारा दाखला आम्हाला कॅनडात सापडतो. अल्बर्टा प्रांतातली दोन शहरं, एडमंटन आणि कॅलगरी. जवळपास सारख्या आकाराची, दोन्हीकडे तेलाचा पैसा, दोन्हीकडे हाडं गोठवणारी थंडी. एडमंटनने एप्रिल १९७८ मध्ये लाइट रेल सुरू केली. शहराबाहेर मालगाडीच्या पट्ट्यालगत, पण मध्यवर्ती भागात भुयार. कॅलगरीने मे १९८१ मध्ये सुरुवात केली. गाड्या त्याच जर्मन नमुन्याच्या, पण मध्यवर्ती भागात खणायचं टाळून त्यांनी सातवा ॲव्हेन्यू नावाचा रस्ताच मोटारींना बंद केला आणि गाड्या रस्त्यावरून चालवल्या. पुढे काय झालं? १९८५ मध्ये कॅलगरीचा दुसरा फाटा आला, १९८७ मध्ये तिसरा. एडमंटनची गाडी मात्र मध्यवर्ती भागातून विद्यापीठापर्यंत, म्हणजे मोजक्या किलोमीटरवर, भुयार खणत पोचली ती १९९२ मध्ये. करोनापूर्वी कॅलगरीच्या गाड्यांना रोजचे तीन लाखांच्या आसपास प्रवासी होते. एडमंटनला त्याच्या निम्मेही नव्हते.

एडमंटनची बाजूही सांगायला हवी. उणे तीस तापमानात उघड्या फलाटावर उभं राहणं आणि उबदार भुयारी स्थानकात उभं राहणं, यातला फरक आपल्याला इथे बसून कळणार नाही. कॅलगरीची गाडी मध्यवर्ती भागात सिग्नलला थांबते. स्वस्ताईची किंमत तिथे रोज मिनिटांनी मोजली जाते. आणि गंमत अशी, की याच कॅलगरीने पुढे नव्या ग्रीन लाइनसाठी मध्यवर्ती भागाखाली भुयार खणायचं ठरवलं. एकेकाळी ४६ किलोमीटरची कल्पना होती, २०२४ मध्ये पहिला टप्पा १० किलोमीटरवर आला होता आणि खर्च ६२० कोटी डॉलरवर. शहाणपणसुद्धा एकदा मिळवलं की कायमचं राहतं असं नाही.

मग भुयारी रेल्वे वाईटच का? मुळीच नाही. टोरांटोच्या यंग स्ट्रीटखालची रेल्वे ३० मार्च १९५४ ला सुरू झाली. कॅनडातली पहिली. त्याआधी त्या रस्त्यावर ट्राम होत्या, आणि गर्दी इतकी की ट्रामच्या मागे ट्राम अडकून पडायची. तिथे आणखी ट्राम घालून काही साधलं नसतं, जागाच संपली होती. आज त्या मार्गावरच्या एका सहा डब्यांच्या गाडीत हजारावर माणसं मावतात आणि गर्दीच्या वेळी अशा गाड्या दोन-तीन मिनिटांच्या अंतराने येतात. लाइट रेलच्या दोन जोडलेल्या गाड्यांत तीनशे-साडेतीनशे. म्हणजे तेवढीच माणसं न्यायला तिप्पट गाड्या आणि तिप्पट चालक. साधं अंकगणित करून पाहा. भुयार चौपट महाग असेल आणि त्यातून पाचपट माणसं जात असतील, तर दर माणशी भुयारच स्वस्त. पण पाचपट माणसं रोज खरोखर हवीत, नकाशावर नव्हे. त्याच टोरांटोत शेपर्ड मार्ग नोव्हेंबर २००२ मध्ये उघडला. साडेपाच किलोमीटर, पाच स्थानकं, जवळपास १०० कोटी डॉलर. यंग मार्गावर सहा डबे धावतात, इथे चार डब्यांनी भागतं. भुयार तेच, शहर तेच, फक्त भागाकारातला खालचा आकडा लहान.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. टोरांटोच्या पूर्वेला स्कारबरो नावाचा मोठा भाग आहे. १९९८ पर्यंत ते वेगळं शहर होतं. स्थलांतरितांची वस्ती मोठी, त्यात दक्षिण आशियातून आलेले पुष्कळ. भुयारी रेल्वे केनेडी स्थानकाशी संपते. तिथून पुढे १९८५ मध्ये एक छोटी रेल्वे सुरू झाली, साडेसहा किलोमीटरला थोडी कमी, सहा स्थानकं. मुळात तिथे ट्रामचे डबे स्वतंत्र मार्गावरून चालवायचे होते. पण प्रांत सरकारच्या कंपनीने नवं तंत्रज्ञान बनवलं होतं, ते कुठेतरी चालवून दाखवायचं होतं. स्कारबरोच्या गळ्यात ते पडलं. बर्फात ते कुरकुरायचं, आणि जगात इतर फारसं कुणी ते न घेतल्यामुळे सुटे भागही दुर्मीळ होत गेले. साधारण २०१५ पर्यंत या गाड्यांचं आयुष्य संपेल, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

त्यांच्या जागी काय आणायचं? २००७ मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांनी शहरभर सात लाइट रेल मार्गांची योजना मांडली, सुमारे १२० किलोमीटरची. पुढे त्यात स्कारबरोचा जुना मार्गही लाइट रेलमध्ये बदलायचं ठरलं. जवळपास दहा किलोमीटर, सात थांबे, खर्च २०१० च्या डॉलरमध्ये १४८ कोटी, आणि सगळे पैसे प्रांत सरकार देणार. शहराच्या खिशातून काहीच नाही. डिसेंबर २०१० मध्ये रॉब फोर्ड महापौर झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मिलर यांची योजना मेली असं जाहीर केलं. त्यांना भुयारी रेल्वे हवी होती, रस्त्यावर रूळ नकोत. २०१२ मध्ये नगरपरिषदेने त्यांना डावलून लाइट रेल परत आणली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच परिषदेने २४ विरुद्ध २० मतांनी उलटा निर्णय घेतला, की स्कारबरोला तीन स्थानकांची भुयारी रेल्वे द्यायची. त्यासाठी शहराने तीस वर्षांसाठी घरपट्टीवर १.६ टक्क्यांचा जादा कर बसवला.

इथून आकड्यांचा प्रवास पाहा. तीन स्थानकांसाठी अंदाज होता ३५६ कोटी डॉलर. २०१६ च्या सुरुवातीला ठरलं, दोन स्थानकं गाळू, एकच ठेवू, खर्च २०० कोटींवर येईल आणि वाचलेल्या पैशात दुसरीकडे सतरा थांब्यांची लाइट रेल बांधू. मघाशी म्हटलं ते आठवा, हात आधी स्थानकांवर पडतो. २०१७ पर्यंत त्या एका स्थानकाच्या, सहा किलोमीटरच्या मार्गाचा अंदाज ३३५ कोटी झाला होता. वाचणारे पैसे वाचलेच नाहीत. २०१९ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री, रॉब यांचे बंधू डग फोर्ड, यांनी पुन्हा तीन स्थानकं जाहीर केली, ५५० कोटी डॉलर, दशकाच्या अखेरीस पूर्ण. हे आकडे वेगवेगळ्या सालांच्या डॉलरमधले आहेत, सरळ एकाखाली एक मांडून चालणार नाही. पण महागाई वजा केली तरी कल लपत नाही.

हे फक्त टोरांटोत घडतं असं समजू नका. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिउब्यर्ग यांनी देशोदेशीचे असे प्रकल्प तपासले तेव्हा रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला, आणि प्रवासी सरासरी निम्मेच आले. यात लाइट रेलही आली, तिचे भक्तही हिशोबात गोड बोलतात. फरक एवढाच की १५० कोटींची चूक आणि ५०० कोटींची चूक यांच्या टक्केवारीत साम्य असलं तरी ती फेडणाऱ्याच्या खिशात साम्य नसतं. प्रवाशांचे अंदाजही असेच लवचीक. २०१३ मध्ये स्कारबरोच्या भुयारी मार्गाला गर्दीच्या तासात एका दिशेने ९,५०० ते १४,००० प्रवासी मिळतील असं सांगितलं गेलं, २०१६ मध्ये हाच आकडा ७,३०० वर आला. भुयारी रेल्वेची क्षमता असते तीस हजारांच्या घरात. सात-साडेसात हजार माणसं लाइट रेल आरामात नेते.

मग परिषदेतल्या २४ जणांना हिशोब येत नव्हता का? आम्हाला तसं वाटत नाही, आणि इथे तत्त्वज्ञानाचा संबंध येतो. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात एक भेद केला. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी गोष्ट चालते. काहींना प्रतिष्ठा असते, तिथे बदली चालत नाही. स्कारबरोचे लोक खर्चाच्या भाषेत बोलतच नव्हते. ते म्हणत होते, शहराच्या मधल्या लोकांना भुयारी रेल्वे आणि आम्हाला ट्राम, असं का? आम्ही दुय्यम नागरिक आहोत का? १९८५ मध्ये एकदा प्रयोगाचं जनावर केलं, आता पुन्हा? या रागाला आधार होता. शिवाय केनेडीला जिने चढून गाडी बदलण्याचा रोजचा कंटाळाही होता. लाइट रेलवाल्यांनी या सगळ्याला भागाकाराने उत्तर दिलं. अपमान झाल्याची तक्रार घेऊन आलेल्याला दर माणशी खर्चाचा तक्ता दाखवला, तर तो जास्तच चिडतो, हे कुठल्याही सासरच्या मंडळींना विचारा.

पण आमचं मत विचाराल तर प्रतिष्ठा चुकीच्या वस्तूला चिकटवली गेली. प्रतिष्ठा माणसाची असते, भुयाराची नव्हे. थांब्यापासून पंधरा मिनिटं चालणारी म्हातारी किंवा रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, तिच्या दृष्टीने दहा किलोमीटरवर सात थांबे जास्त सन्मानाचे की सहा किलोमीटरवर एक? शिवाय एक तपशील चर्चेत हरवूनच गेला. स्कारबरोची ही लाइट रेल रस्त्यावरून जाणारच नव्हती. ती जुन्या रेल्वेच्या स्वतंत्र पट्ट्यावरून जाणार होती. सिग्नल नाही, मोटारी नाहीत, कुणाची मार्गिका जाणार नाही. रस्ता अडवणाऱ्या ट्रामविरुद्धचा सगळा युक्तिवाद या मार्गाला लागूच नव्हता. न्यायशास्त्रात ज्याला असिद्ध हेतू म्हणतात, तो हाच. जो धर्म पक्षात नाहीच, त्यावरून अनुमान काढायचं.

भुयारी रेल्वेच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र वजनदार होता. लाइट रेल जुन्या पट्ट्यावरच बांधायची, म्हणजे जुनी रेल्वे तीनेक वर्षं बंद करून लोकांना बसने न्यावं लागणार. भुयार वेगळ्या रस्त्याखालून जाणार, म्हणून ते बांधून होईपर्यंत जुनी रेल्वे चालूच राहील. बसचा त्रास वाचेल. ऐकायला चोख. यात न बोललेलं एक गृहीतक होतं, की जुनी रेल्वे तोवर टिकेल.

निर्णय फिरत राहिले, गाड्या म्हाताऱ्या होत राहिल्या. भुयार खणायला प्रत्यक्ष सुरुवात झाली जानेवारी २०२३ मध्ये. तोपर्यंत जुनी रेल्वे नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद करायची असं ठरलं होतं. तेवढीही वाट तिने पाहिली नाही. २४ जुलै २०२३ च्या संध्याकाळी एका गाडीचा शेवटचा डबा सुटून रुळांवरून घसरला. पाच जण किरकोळ जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही. ती रेल्वे पुन्हा कधीच धावली नाही. करोनापूर्वी रोज पस्तीस हजारांच्या आसपास लोक तिने जायचे. ते बसमध्ये आले.

म्हणजे बघा, तीनेक वर्षांची बस टाळण्यासाठी जो मार्ग निवडला, त्यानेच २०२३ पासून या दशकाच्या अखेरपर्यंतची बस पदरात टाकली. सहा-सात वर्षं. रोज जाता-येता दहा-दहा मिनिटं जास्त गेली असं धरलं, तरी पस्तीस हजार लोकांचे किती तास होतात, हे तुम्ही घरी जाऊन काढा. हा खर्च लाइट रेलच्या रकान्यात नाही आणि भुयारी रेल्वेच्या रकान्यातही नाही, कारण अंदाजपत्रकात फक्त बांधणाऱ्याचा पैसा मोजतात, वाट पाहणाऱ्याचा वेळ मोजत नाहीत. १४८ विरुद्ध ५५० हा वाद जितका गाजला, त्याच्या शतांशानेही या तिसऱ्या रकान्यावर कुणी बोललं नाही.

व्याख्यानापूर्वी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती, की नाशिकचं काय? नाशिकला रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओची योजना होती आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. नेहमीच्या मेट्रोपेक्षा पुष्कळ स्वस्त, हा तिचा मोठा गुण. त्यानंतर इतक्या लहान शहराला मेट्रो हवी का, आणि टायरवरची गाडी म्हणजे खरी मेट्रो का, असे दोन्हीकडून प्रश्न येत राहिले. नाशिककर अजून बस आणि रिक्षानेच जातात. तंत्रज्ञान बरं की वाईट, यावर वेगळं बोलता येईल. पण पुढच्या वेळी कुणी किलोमीटरचा भाव सांगितला, तर त्याला विचारा की २०२१ पासूनच्या वाट पाहण्याचा भाव कुठल्या ओळीत लिहिला आहे.

स्कारबरोत जुने रूळ काढून त्या पट्ट्याच्या काही भागावर आता फक्त बससाठी रस्ता करायचं काम हाती घेतलं आहे, म्हणजे भुयार होईपर्यंत बस तरी रहदारीत अडकणार नाहीत. ज्या पट्ट्यावर १४८ कोटींची गाडी धावायची होती, तोच हा पट्टा.